तीनशे लिटर

अंबडला थेट्यांच्या गोदामापुढे टाक्या ओळीने,
काळ्या, पिवळ्या, एक निळी,
उन्हाने तापून प्लास्टिकचा वास सोडणाऱ्या.
थेटे प्रत्येकीवर टिचकी मारतात
कलिंगडवाल्यासारखी.
"पाचशेची न्या. फरक अवघा चौदाशेचा.
जड वाटली तर अर्धी भरा, कोण विचारतंय?"

हेमराजचा हात केव्हाच तिच्यावर गेलाय.
त्याला सगळं मोठं लागतं.
बहिणीच्या लग्नात त्याने
दोन पिंपं मठ्ठा उरवला होता.

मी बारा वर्षं वजनकाट्यावर होतो, सिन्नर रस्त्याला.
ट्रक चढायचा, मी आकडा वाचायचो, पावती फाडायचो.
ड्रायव्हर आईची शपथ घेऊन वजन सांगायचा.
काटा काही बोलायचा नाही,
फक्त केसभर खाली जायचा.
तेव्हापासून मला पाणी
लिटरमध्ये दिसतच नाही.

थेट्यांच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर मी मांडतो:
व्हॅनच्या कागदावर सहाशे किलो.
मी एकाहत्तर. हेमराज अठ्ठ्याऐंशी,
(तो ऐंशीच सांगतो, मी काट्यावर उभा केलाय त्याला.)
पंप, बॅटरी, पाइपाचं रीळ, लांब दांड्याचे ब्रश,
घोडा, फिल्टर, मिळून एकशे बारा.
रिकाम्या टाकीचे एकोणीस.
राहिले तीनशे दहा.

"अर्धी भरा" म्हणतात थेटे, पुन्हा.

उथळ पाण्याला खळखळाट फार,
शाळेत फळ्यावर लिहायचो, सुवाच्य.
कळलं मात्र गेल्या मंगळवारी, द्वारकेच्या सिग्नलला.
मागे दोराने बांधलेला अर्धा ड्रम,
पुढे रिक्षा अचानक थांबली.
आम्ही थांबलो. व्हॅन थांबली.
पाणी थांबलं नव्हतं.
ते सावकाश पुढे आलं
आणि आमच्या पाठीत बसलं.

आणि पाणी काही असंच नळाखालून घेता येत नाही.
आमच्या पाथर्डी फाट्याच्या बोअरचं
काचेवर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं,
धुतलेली काच न धुतलेलीहून वाईट.
रात्रभर गाळावं लागतं. मशीन उशाशी घरघरतं.
तीनशे भरायला अडीच वाजतात,
पाचशेला उजाडेल.
फिल्टरने टाकलेल्या पाण्याने रत्नप्रभा जिने धुते,
अख्खी इमारत आम्हाला स्वच्छतेची हौस आहे समजते.

घेतली. तीनशेची. निळी.
हेमराज घरापर्यंत बोलला नाही.

पहिलं काम मुंबई नाक्याचं हॉस्पिटल,
चार मजले, रस्त्याकडच्या सगळ्या काचा.
दुपारी तिसऱ्या मजल्याशी पंप खोकला,
ब्रशातून दोन थेंब, मग हवा.
एक काच राहिली होती.
आत हाताला सलाइन लावलेले आजोबा
पलंगावर उठून बसलेले.
सकाळपासून बघत असावेत.
त्यांनी मोकळ्या हाताचं बोट
कोरड्या काचेच्या कोपऱ्यावर ठेवलं: इथे.

हेमराज माझ्याकडे बघतही नव्हता.
दांडा घडी करत होता,
एकेक टप्पा, नको इतक्या हळू.

आज सकाळी तो वीस लिटरचा कॅन घेऊन आलाय.
"दहाच भर," मी म्हणालो, "दहाचीच जागा आहे."
त्याने गळ्यापर्यंत भरला, झाकण आवळलं,
सीटमागे कोंबला.
मग गंगापूर रोडला मिसळीच्या टेबलावर
दुसरा पाव त्याने
बोटाने माझ्याकडे सरकवला.

"उरलेले दहा," तो म्हणाला,
"माझ्यातून वजा कर."

मी पाव खाल्ला.
हिशोब पुन्हा तिथेच.