गाडी सोडवायची खिडकी

काचेला एक भोक आहे, बोलण्यापुरतं,
आणि खाली फट, कागद सरकवायला.
डेट्रॉइटमधल्या या आवारात तीनशे बारा गाड्या
आणि त्यांची राखण करणारा मी.
पायाशी हीटर, तोही डाव्या पायाचाच कैवारी.

कागदावर तिचं नाव : ओडेटा प्रुइट.
मागचा दिवा फुटका म्हणून पोलिसानं हटकलं,
मग विम्याचा कागद मागितला.
नोव्हेंबरचा हप्ता भट्टीत गेला होता.
जळून नव्हे. घर तापवणारी भट्टीच बंद पडली,
आणि दुरुस्तीवाल्यानं रोख मागितले.

मी पाठ केलेलं म्हणतो :
ओढून आणल्याचे इतके, जागेचे दिवसाला इतके,
रविवारही धरतो आम्ही.
विमा दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही.
ती म्हणते, विम्याला पैसे लागतात,
पैशाला नोकरी,
नोकरीला गाडी.
मी म्हणतो, हो.
या 'हो'चाच पगार मिळतो मला.

भांडणारे परवडतात,
त्यांच्यासाठी भोकाला झाकण आहे.
ही भांडत नाही. विचारते, आतलं सामान तरी?
सामानाला विमा लागत नाही.
वहीत लिहितो : दहा मिनिटं.

सहावी रांग, चौदावी गाडी.
बर्फ इतका, की दार हातानं चाचपून शोधावं लागलं.
मी खिडकीतून पाहतो :
एकच हातमोजा, इस्पितळातला ओळखबिल्ला,
चिप्सची अर्धी पिशवी,
आणि मुलाची खुर्ची, पट्ट्यांनी सीटला जखडलेली.
कडी गोठली होती, सुटेना.
ती वाकली आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडत राहिली,
झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवावं
इतक्या सावकाश.

पंचवीस मिनिटं झाली.
वहीत दहाच आहेत.

खुर्ची कडेवर घेऊन ती फाटकाबाहेर गेली.
समोरच्या थांब्यावर बाक नाही, कधीच नव्हता.
तिनं खुर्ची बर्फात ठेवली
आणि स्वतःच तिच्यात बसली,
गुडघे हनुवटीशी.
बस उशिरा आली. ड्रायव्हर खुर्चीकडे बघून काहीतरी बोलला,
ते काचेतून ऐकू आलं नाही.

सहाला मी दिवे मालवतो.
चौदाव्या गाडीला दाराएवढी काळी जागा उरलेली,
तिच्यावरही भुरभुर सुरू झालेली.
रात्री बारा वाजता संगणक आपोआप
प्रत्येकाचा एक दिवस वाढवतो.
तेव्हा मी घरी असतो.
बहुतेक झोपलेला.