डिपर

शुक्रवार. सोहारच्या सनैयात सगळी शटरं खाली.
खमीसची पिकअप दारात,
मागे बर्फातली सुरमई ठिबकतेय.

अपर लागतो, डिपर नाही.
दोन्हीकडचा, एकदमच.
काल रात्रभर समोरून येणारे शिव्या घालत गेले म्हणे,
डोळ्यांत झोत मारतो म्हणून.

दोन बल्ब एका रात्रीत मरत नाहीत.
तरी काढून उजेडाकडे धरले : तारा शाबूत.
फ्यूज धड.
मग रिलेवर बोट ठेवलं,
खमीसला म्हटलं, दाब.
परत दाब.
नाडी लागेना.

शेजारच्या खाचेत हॉर्नचा रिले,
त्याच मापाचा, त्याच पायांचा.
उपटला, इकडे बसवला.
समोरच्या शटरवर दोन पिवळे डाग पडले
खाली बघणारे, जरा लाजल्यासारखे.

"हॉर्न गेला आता. नवा रिले उद्याच मिळेल."
खमीस हसला.
इब्रीपर्यंत उंटच भेटणार,
ते कुणाच्या बापाचा हॉर्न ऐकतात?

पैसे नको म्हटलं, तर सुरमई ठेवून गेला.
वळणापर्यंत बघत राहिलो,
समोरून आलेल्या टँकरनेही
डिपर दिला त्याला.

रात्री कालवण ढवळताना
खिशात काहीतरी टोचलं.
मेलेला रिले.
उगाच कानाशी नेऊन हलवला.