बहीण एक

आधी मी मलाच शोधलं.
नवा तराजू आणला की
पहिल्यांदा माहितीतलं माप टाकून बघतात, तसं.

पहिल्या साइटनं एकशे नव्याण्णव रुपये घेतले
आणि मला सिडकोतल्या त्या घरात परत नेऊन ठेवलं
जिथून मी अठ्ठ्याऐंशी साली
पोरीला खांद्यावर टाकून निघाले होते.
दुसरीनं वय एक्केचाळीस लावलं,
ते मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.
पण संभाव्य नातेवाइकांत पहिलं नाव त्याचंच.
पोरीचं नाहीच.
तिसरी फुकट होती. तिनं विचारलं,
तुम्हाला अनसूया प्रसूतिगृहाचा पत्ता हवाय का?

एकतीस वर्षं पेपर तपासलेत मी.
डायरीच्या मागच्या पानावर लाल पेनानं गुण मांडले:
चौतीस. एकोणतीस. गैरहजर.

तरी त्यांच्याच हाती इंदूचं नाव दिलं.
इंदुमती पगार, नाशिकरोड, प्रेसमध्ये नोकरी.
तर पगाराच्या स्लिपा आल्या,
महागाई भत्ता, सातवा आयोग,
पगार वेळेवर न झाल्यास तक्रार कुठे करावी.
मी एकटीच हसत बसले.
खोटं काय होतं त्यात?
पगारांच्या इंदूनं मला पगार दिला होता,
जेलरोडच्या खोलीत, पाकिटातून मोजून अर्धा,
सहाशे बारा रुपये, आणि वर सुटे दोन:
"रिक्षा करू नकोस, बसला ठेव."
दिवसभर नोटांच्या कारखान्यात असायची
आणि महिनाअखेरीला माझ्याकडून चहापत्ती न्यायची.

शेवटी पंचवटीत गेले.
गायधनी गुरुजींनी तीनच गोष्टी विचारल्या.
आडनाव, गाव, तालुका.
ओटीपी नाही.
पोटमाळ्यावरून लाल खारव्यात बांधलेली वही उतरली,
धूळ झटकली, माझ्याच अंगावर.
पगार, मौजे निवाणे, तालुका कळवण.
खापरपणजा मोडीत, आजा बाळबोधीत,
बोरू, टाक, मग बॉलपेन.
सत्त्याण्णव साली तिचा भाऊ आला होता
वडिलांच्या अस्थी घेऊन.
स्वतःच्या हातानं लिहिलंय, भाऊ तीन,
तिघांची नावं, त्यांच्या मुलांची नावं,
आणि अगदी कडेला, जागा संपत आल्यावर,
"बहीण एक."

मी पर्समधून पेन काढलं.
गुरुजी म्हणाले, बाई, इथं घरच्यानंच लिहायचं असतं.
बरोबर आहे त्यांचं.
पेन परत ठेवलं.
या वहीला किती गुण द्यायचे
ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याच पानाच्या कोपऱ्यात
दोन हजार एकोणीसचा पुतण्या होता, मोबाइल नंबरासकट.
तो म्हणाला, आत्या ना? आहे की. देवळालीला.
लिहून घ्या.

नंबर दाबला तर फोनातल्या ॲपनं
तिचं नाव दाखवलं: इंदू पिको फॉल अर्जंट.
कुणा घाईतल्या बाईनं असं साठवून ठेवलं असणार.
आडनाव गेलं, प्रेस गेली,
सव्वाशे साड्यांचे काठ तेवढे शिल्लक.
मला ते खरं वाटलं.

रिंग वाजत राहिली.
आता भीती तिच्या पडद्याची.
तिथं मी कोण म्हणून उमटले असेन?
गणिताच्या बाई खडूस?
सावधान, फसवणुकीची शक्यता?

"हॅलो, कोण?"
मी अनसू. जेलरोड.

पलीकडे शिलाईमशीन थांबलं.
पायाखालचं पाटं थांबतं तसं, थोडं पुढे जाऊन.
मग ती म्हणाली,
"पोरीला दात आले का गं?"

पोरगी सदतीस वर्षांची आहे.
परवाच रूट कॅनल झालं तिचं.

आले, मी म्हटलं.