पायाळू

शारजात, अल कासिमियात, खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान,
वर तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर लमीसचा दवाखाना.
लिफ्टचं बटण दाबण्याआधी मी जरा उभी राहते,
आज कुठला गुडघा बोलतोय ते ऐकून घेते.

फॉर्मवर एक रेघ आहे, शून्य ते दहा.
दुखतंय तिथे खूण करा.
ठणका कितव्या आकड्यावर असतो? आणि शिणक?
मनगटातली ठुसठुस, पोटऱ्यांतले गोळे,
खांद्यावर कुणी ओलं गोणपाट टाकून विसरून गेल्यासारखं,
आणि ती कणकण,
जिला थर्मामीटर दर वेळी खोटं पाडतो?
सहा लिहिते. सहा बरा दिसतो.
आठ लिहिलं की लोक आठ शोभेलसा चेहरा शोधतात.

माझं काम विम्याच्या दाव्यांचं,
दिवसभर दुसऱ्यांच्या आजारांना आकडे लावते.
या आजाराचा आकडा मला तोंडपाठ होता
तो मला होण्याच्या चार वर्षं आधी.
एम एकोणऐंशी दशांश सात.
त्याच्यापुढे मणक्याच्या उपचाराचं बिल आलं
की कुठलं बटण दाबायचं, तेही.
गेल्या महिन्यात माझंच बिल माझ्या रांगेत आलं:
तेरसे, प्रमोदिनी. नामंजूर.
दाबताना अंगठा दुखला, एवढाच काय तो फरक.

लमीस हाडं कडकडा वाजवत नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाली, तुझ्या अंगाला आवाज नकोत.
पापड वाळला का बघावं इतक्या भाराने
दोन बोटं मानेच्या तळाशी, मग एकेक मणका खाली.
इथे? हो.
इथे? हो.
मग कुठे नाही ते सांग, म्हणते, आणि हसते.

टेबलाला तोंडासाठी भोक आहे.
त्यातून तिचे पाय दिसतात,
डाव्या अंगठ्याचं नेलपॉलिश उडालेलं.
ते बघत होते म्हणून असेल, सांगून टाकलं:
मी पायाळू. जन्मताना आधी पाय आले.
कुडाळजवळ आमच्या वाडीत कुणाला उसण भरली
की शाळेआधी मला बोलावणं यायचं.
बाप्ये, बायका पडवीत पालथे पडायचे.
मी सात वर्षांची. डावा पाय, तीन वेळा,
कंबरेपासून वर, तोंडातून शब्द न काढता.
सुईण बजावायची, बोललीस तर गुण येणार नाही.
दामू मेस्त्रीच्या पाठीचा घट्टा अजून तळव्याला आठवतो.
उठायचे, वाकून बघायचे, कामाला जायचे.
माझ्या हातात केळं, नाहीतर चार आणे.

मग बरे व्हायचे?
माहीत नाही.
परत कोणी आलं नाही,
एक सगुणा काकी सोडून.
तिचं एका जागी दुखायचंच नाही.
आज खांदा, उद्या मांडी, परवा सगळंच.
कामचुकार, म्हणायचे सगळे. नाटकं.
मीही पाय जरा जोरातच दाबायचे.

लमीसचे हात थांबले नाहीत.
हलके झाले थोडे.

उतरले तेव्हा मान डावीकडे वळत होती.
हे दोन दिवस टिकतं, कधी तीन.
बरं होईल असं ती म्हणत नाही, मी विचारत नाही.
एकशे साठ दिरहम, रोख.
पावती मागून घेते, कशाला कोण जाणे.

रात्री पलीकडच्या पलंगावरची मर्सी एसी बावीसवर करते,
मी चोवीसवर, ती पुन्हा बावीसवर.
गोधडी ओढून मी पाठ भिंतीला लावते.
आपला पाय आपल्या पाठीला पोचत नाही.
नुसता तळवा चोळत राहते अंधारात,
त्यात कुठेतरी सगुणा काकीची कंबर असेल,
ती एकदाच म्हणाली होती, हळू गो, चेडवा,
आणि बोलायचं नसतं म्हणून
मी काहीच बोलले नव्हते.