सळईचा नांगर

सबीन पासच्या तोंडाशी दगडांचे दोन बांध आहेत,
ग्रॅनाइटचे, पार समुद्रात घुसलेले.
टँकर त्यांच्या मधून जातात. आम्ही कडेकडेनं,
सोळा फुटी पत्र्याच्या होडीत, मी आणि आल्सीद,
माझा सासरा. म्हणजे, होता.
त्याच्या मुलानं फारकत घेतली त्याला चार वर्षं झाली.
आमची मंगळवारची फेरी कुठल्याच कागदात लिहिलेली नव्हती,
म्हणून ती कुणी मोडली नाही.

ओहोटी लागून तासभर झाला की
खडकांच्या फटींतून पाणी धापा टाकत बाहेर येतं.
गंजका दिवा आणि मागचा मनोरा एका रेषेत आले
की आल्सीद बोट वर करतो.
मी नांगर सोडते.

हा नांगर विकतचा नाही.
नळीचा तुकडा, त्यात चार सळया वाकवून घातलेल्या,
वरून शिसं ओतलेलं,
त्याच्या गॅरेजात, माझ्या लग्नाच्या वर्षी.
विकतचा नांगर दगडात अडकला की अडकला,
दोर कापायचा आणि घरी यायचं.
ह्याच्या सळया नेटानं ओढल्या की सरळ होतात,
सुटतात.
मग घरी पुन्हा वाकवायच्या.

आमिषाला खाजणातल्या बोटभर चिंबोऱ्या,
एक नांगी फुशारकीची, एक नावापुरती.
मासा शीपशेड. अंगावर कैद्याचे पट्टे
आणि तोंडात दात, अगदी माणसाचे;
पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला
आमचे गणिताचे मास्तर, फॉन्टेनो, आठवले होते.
तो आमिष कधी खातो ते कळतच नाही.
"चावल्याचं कळायच्या आधी झटका दे," आल्सीद म्हणतो.
ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही,
हाताला लागलाय.

आज मात्र हात गाफील होता.
दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला,
"शनिवारी रेमीचं लग्न आहे."
मी गळ वर घेतला. नुसतं कवच.
दुसरी चिंबोरी लावली.
"कुठे?"
"बोमाँटला. तिच्या चर्चमध्ये."
"सूट आहे तुझ्याकडे?"
"एक आहे," तो म्हणाला,
आणि आम्हा दोघांनाही माहीत होतं कुठला.

मग टँकर गेला.
टँकर जातो तेव्हा काही होत नाही, तो गेल्यावर होतं:
बांधालगतचं पाणी आधी खाली ओढलं जातं,
दगडांची हिरवी, शेवाळलेली मुळं उघडी पडतात,
आणि मग सगळं एकदम परत येतं.
होडी खडकाकडे फिरली. नांगर हलेना.
आल्सीदनं दोर दोन्ही हातांनी धरला,
आणि मला त्याचे हात दिसले.
"काप," तो म्हणाला. सुरी पुढे केली.
मी दोर पुढच्या खुंटीला गुंडाळला
आणि इंजिन उलटं टाकलं.
पत्रा कण्हला. नाक खाली गेलं.
मग खालून कुठूनतरी
एक, आणि जरा थांबून दुसरी,
सळया सरळ झाल्याचं पायांना कळलं.

संध्याकाळी गॅरेजात तो बादलीवर बसून होता.
सळया मी वाकवल्या, गुडघ्यावर धरून.
तिसरी जमेना. जोर लावला, फार वाकली.
"तेवढी नको," तो म्हणाला, "मग सोडणार नाही."
मी थोडी उलगडली.
बर्फात चार मासे, दात दाखवत.
त्याचे दोन मी साफ करून ठेवले, काटे काढून.
निघताना गाडीच्या काचेवर टकटक झाली.
"पुढच्या मंगळवारी ओहोटी उशिरा आहे," तो म्हणाला,
"नऊला ये."