पंधरा किलोचा चंद्र

सौदा संपल्यावर कोल्ड स्टोरेजमागे
फाटकी खोकी पडायची बेदाण्याची.
त्यातली दोन मुकादमाला विचारून घरी आणली.
विचारून. हे आधीच सांगते.

सुमन, माझी धाकटी जाऊ, सातवा लागलेली,
म्हणाली होती, एकदाच म्हणाली होती,
की तिला चांदण्यातलं डोहाळजेवण हवं.
तासगावात चैत्रात चांदण्याला तोटा नाही,
पण फोटोवाला दुपारी दोनला येणार होता.

मग खोकी उसवून, जोडून जमिनीवर पसरली,
लग्नातली मोठी परात पालथी घातली,
भोवती पेन्सिल फिरवली,
परात वीतभर सरकवून पुन्हा फिरवली,
आणि दोन रेघांच्या मधे जे उरलं
तो चंद्र.

कणकेची खळ शिजवली, त्यात मोरचूद,
उंदरांना चंद्र गोड लागू नये म्हणून.
चहाच्या पुड्यांची आतली चांदी
वर्षभर पुसून गादीखाली दाबत होते मी;
कशासाठी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.
चांदण्या लग्नपत्रिकांच्या.
गणपतीचा कोपरा तेवढा कापायचा नाही,
बाकी 'आमचे येथे श्रीकृपेकरून'
कुठूनही कापा.

सुमन बसली, हिरवीगार, फुलांनी लादलेली, घामेजलेली.
फोटो धुऊन आला तेव्हा दिसलं,
चांदी एका टोकाशी अपुरी पडलीय
आणि तिथे, उलट्या अक्षरांत,
निव्वळ वजन १५ किलो.
सासूबाई आठवडाभर हसत होत्या :
पोराचं, का चंद्राचं?

त्यानंतर तो आमचा राहिला नाही.
म्हेत्र्यांच्या पुष्पाने नेला,
परत देताना जुन्या शालूची जर लावून दिली.
लोहारांकडून टोक वाकून आला,
पण पाठीला सायकलची तार बांधलेली, आता मोडून दाखवा म्हणाले.
जुबेदा मुजावर म्हणाली,
आमची तर ईदच याच्यावर, दे इकडं.
मी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत गेले,
कुणी नेला, कधी परत.
उसनवारीचा हिशेब, दुसरं काही नाही.
एका नावापुढे नुसतंच 'परत' आहे, तारीख नाही.
त्या घरी मी मागायला गेले नव्हते.
तिनेच रात्री आणून
दाराशी टेकवून ठेवला,
कडी न वाजवता.

यंदा माझ्या लेकीचं, स्वप्नालीचं.
फुग्यांची कमान ठरवली तिने, मोबाईलवर बघून.
मी आकडा ऐकला आणि भाजी निवडत राहिले.
पोरगा पंप घेऊन आला, खिळा ठोकायला
माळ्यावर चढला, आणि बराच वेळ उतरेना.
मावशी, म्हणाला, हे आमच्या घरात आहे.
अम्मीच्या फोटोत. तिच्या डोक्यामागं.
म्हटलं, बाबा, त्या फोटोत तूपण आहेस.

त्याने चंद्र उलटा केला.
धूळ फुंकली, नावांवरून बोट नेत नेत
आईपाशी थांबला,
बोटांवर महिने मोजले
आणि एकदम लाजला, मिसरूड फुटलेला आयूब.

मग कुणाला न विचारता
कमानीच्या मधले फुगे सोडवले,
वायरचा तुकडा दातांनी सोलून
चंद्र टांगला, थोडा तिरका.
स्वप्नाली फोनमधून वर बघून म्हणाली,
आई, ते वजन दिसतंय.
दिसू दे, म्हणाली सुमन,
आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पेढा निघाला का बर्फी, ते तुम्हाला कशाला.

संध्याकाळी आयूबने बिल दिलं.
हिशेब चोख, अक्षर गिचमिड.
खाली एक ओळ जास्तीची :
सतरा फुगे वजा.