ल्यिप, म्हणजे टिटवी

आमच्या होडीचं नाव ल्यिप. फ्रिशियन भाषेत टिटवी.
भावानं, वीब्रननं, मार्चमध्ये ती जुनी घेतली.
शिडावर कुणाचा तरी खोडलेला नंबर, डाव्या पोटावर ठिगळ,
आणि तिथलं बूच रंगाखाली अडकलेलं.
राहू दे, म्हणाला. तू तारेवर लटक, मी सुकाणू धरतो.
मी दातांची डॉक्टर, शेहेचाळीस वर्षांची. हो म्हणाले.

दोन होड्यांवर पाय ठेवू नये म्हणतात.
इथं दोन होड्याच एकमेकींना बांधलेल्या,
मधे ताणलेलं जाळं, आणि पाय धड कुठल्याच होडीत नाहीत:
काठावर टाचा, कमरेला आकडा,
पाठीखालून सपासप मागे जाणारा
तपकिरी वाडन समुद्र.

एप्रिलभर आम्हाला वळताच आलं नाही.
एका पोटाची होडी टाचेवर गिरकी घेते.
ही वाऱ्याच्या तोंडासमोर येऊन थबकते,
न बोलावलेल्या पाहुणीसारखी उंबरठ्यावर,
आणि बाकीचे सोळा जण बोयाला वळसा घालून निघून जातात.
बांधावर बसून फुकट सल्ले देणारा फोपे,
शिंपल्यांच्या बोटीवर तीस वर्षं काढलेला, ओरडला:
मागे जा! आधी मागे जा!
पुढचं शीड उलट्या बाजूला धरा, सुकाणू उलटं फिरवा.
होडी मागे सरकते
आणि सरकता सरकता तोंड फिरवते.
माझ्या घटस्फोटाला तेव्हा तीन वर्षं झाली होती.
मी काही बोलले नाही. शीड धरलं.

मे महिन्यात कळलं, वेगाला स्वतःचा वारा असतो.
बाजूनं येणारा, आपण धावू लागलो की
समोरून यायला लागतो.
थांबलो की तो कुठं जातो? मी विचारलं.
वीब्रन म्हणाला, दोर ओढ.

जूनमध्ये डावी नाळ पाण्यात घुसली ती वर आलीच नाही.
मी तारेसकट डोलकाठीला वळसा घालून पलीकडे.
होडी उलटी, काठीचं टोक चिखलात,
आणि सुकती लागलेली.
किनारा दोन मैलांवर, आम्ही कमरेएवढ्या पाण्यात,
वाळूच्या दांड्यावर सात सील, सगळे आमच्याकडे बघणारे.
तू पुढे सरकलीस. तू दोर सोडला नाहीस.
भरतीला साडेचार तास होते. भांडण दीड तास पुरलं.
मग त्यानं खिशातून चीज काढलं, खारट झालेलं,
आणि मोठा तुकडा मला दिला.

उन्हाळाभर वारा उजवीकडून असला की
ल्यिप जड व्हायची, नांगर ओढत असल्यासारखी.
त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं, मी त्याच्या सुकाणूकडे.
मी लोणी सोडलं. त्यानं नवी पाती घेतली, महागाची.
सतरात अकरावे आलो.

एकदाच तिसरे. ऑगस्टमधली भांगाची भरती,
वारा असून नसल्यासारखा.
दोघं जाळ्याच्या पुढच्या कडेला, शोकसभेत बसावं तसे,
चाळीस मिनिटं पापणीही जपून.
तेवढ्यात आम्ही किती जणांना मागे टाकलं
हे मान न वळवता मोजणं अवघड होतं.

ऑक्टोबरमध्ये हार्लिंगनच्या गवतावर गाड्यावर चढवली.
उजवं बूच काढलं: दोन थेंब.
डावं त्याच्या पान्याला ऐकेना.
शेवटी मीच काढलं, अक्कलदाढ काढतात तसं,
हलवत, वाट बघत, पुन्हा हलवत.
मग पाणी आलं. येतच राहिलं.
बादली भरली, दुसरी अर्धी.
वीब्रननं मोजलं, कारण तो मोजतोच: अकरा लिटर.

वेळ पडली तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात.
आमची कधीपासून पीत होती,
घोट घोट, ठिगळाच्या कडेनं, एका अक्षरानं न सांगता.

बादलीत एक बारका खेकडा होता, जिवंत.
वीब्रननं तो बांधापलीकडे सोडला,
हात पॅंटला पुसले,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
घरी लोणी आहे का तुझ्याकडे?